माघारीण दरवाजा

"माती आणू का गं?" हा प्रश्न यंदा आलाच नाही.

एरवी दिवाळी दारात आली की विनीताला अनघाचा फोन ठरलेला. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट "माती आणू का गं?" मग दोघी नर्सरीतून कुंड्यांच्या मातीची पोती आणायच्या, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची माफी मागत वर चढवायच्या आणि अनघाच्या स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालायच्या चिंचोळ्या जागेत परात घेऊन बसायच्या. पुलाउ उबीन बेटावर सायकली फिरवून आल्या की चाकांना चिकटलेली तांबडी माती विनीता चमच्यानं खरवडून डबीत भरून ठेवायची. दिवाळीत ती चिमूटभर माती किल्ल्याच्या महादरवाजाला लागायची. "ही खऱ्या जमिनीची," ती म्हणायची. "कुंडीतल्या मातीला काय ठाऊक, किल्ला कशाशी खातात!"

कामाची वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती. अनघा लग्नाआधी पूल आणि रस्ते बांधायची, त्यामुळे तटबुरूज तिचे. विनीता इथे, या परक्या देशात, एका मोठ्या गोदामात कुठल्या दुकानाला कधी काय माल जायचा ते ठरवायची, त्यामुळे पाण्याची टाकी, धान्याचं अंबारखानं आणि अडीनडीला बाहेर पडायची चोरदिंडी तिची. "तट तुझा, पोट माझं," असं म्हणून टाळी दिली होती एकमेकींना, चिखलाच्या हातांनी.

आणि ओव्या. माती कालवताना एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती खाली पडायच्या आत झेलायची. अनघा म्हणायची,

किल्ल्याच्या दारावरी उभा मातीचा शिपाई

आणि विनीता लगेच,

भूक त्याला लागली गं, त्याला पोळी वाढा बाई!

मग दोघी इतक्या हसायच्या की अनघाचा नवरा शिरीष आतून विचारायचा, "किल्ला होतोय की लग्न?"

असं सगळं असताना यंदा फोन आला नाही. इथल्या मराठी मंडळानं किल्ल्यांच्या प्रदर्शनाचा विषय जाहीर केला, 'जगातले किल्ले'. तरी फोन नाही. विनीतानं दोनदा आपणच फोन उचलला आणि दोनदा ठेवून दिला. मागून घेतलेल्या बोलावण्याला काय चव!

मग एका सकाळी अनघाचं व्हॉट्सॲप स्टेटस दिसलं. परात तीच. माती तीच. मातीत हात मात्र दुसरेच, लांबसडक बोटांचे, नखांना जांभळं पॉलिश. अनघाच्या वरच्या मजल्यावर नुकती राहायला आलेली चैत्राली. युनिव्हर्सिटीत संशोधन करते म्हणे, तेही मातीवर. विनीता मनात म्हणाली, मातीत पीएचडी केलेल्या बाईला आयती कालवलेली माती मिळाली.

फोटो एकवेळ सोसला असता. त्याच्या पुढे व्हिडिओ होता. त्यात अनघाचा आवाज ओळ टाकत होता,

छावणी घातली गं चार दारांची चौकोनी

आणि जांभळ्या नखांची ती, अडखळत, हसत,

आठ जणांच्या तंबूत सांगा दळायचं कोणी?

यमक बसलं होतं. तेच तर दुखणं होतं. नसतं बसलं तर विनीतानं हसून सोडून दिलं असतं. तिनं तो व्हिडिओ पोळ्या लाटताना पुन्हा पाहिला आणि पोळी पोळपाटाला चिकटली.

"काय झालं?" तिचा नवरा धवल म्हणाला.

"काही नाही. चौकोनी आणि कोणी. हे काय यमक आहे?"

"चांगलं आहे की."

"तू जेव."

चार दिवसांनी मॉलमध्ये भाजीच्या रांगेत अनघा समोर आली. डोळ्यांखाली काळं, हातात कोथिंबीर. विनीतानं हसू आधीच तयार ठेवलं होतं.

"अगं, तुला सांगायचंच राहिलं," अनघा म्हणाली. "यंदा रोमन लोकांची छावणी करतोय. तुला ऑफिसात इतकं काम, म्हटलं तुला कशाला त्रास..."

"बरं झालं बाई. मला खरंच वेळ नाही."

"रागावली नाहीस ना?"

"मी? छे! कशाला?" तिनं अनघाच्या कोथिंबिरीकडे पाहिलं. "ती पिवळी पडलीय. बदलून घे."

 अनघानं जुडी बदलली नाही, तशीच घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी मंडळाचे सेक्रेटरी निशिकांतकाका यांचा फोन आला. "विनीता, तू यंदा स्पर्धेत नाहीस असं कळलं. मग परीक्षक हो. किल्ल्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

नाही म्हणायला विनीतानं तोंड उघडलं आणि तोंडातून हो निघालं. कारण तेवढ्या वेळात तिला दिसलं होतं, चौकोनी छावणी, तिच्या मागे दोघी उभ्या, आणि समोर ती स्वतः, हातात मार्कांचा कागद. बघू म्हणावं, पोट कसं भरता ते.

आता रोमन छावणीबद्दल तिला अक्षर ठाऊक नव्हतं. पण मत्सरानं पेटलेली बाई परीक्षेच्या पोरापेक्षा जास्त अभ्यास करते. एमआरटीच्या गाडीत उभ्यानं, डबा खाताना, गोदामातल्या मीटिंगमध्ये लॅपटॉपच्या आडून विनीता वाचत सुटली. चूक शोधायला गेली आणि गुंतत गेली.

आपले किल्ले डोंगराच्या खांद्यावर बसतात, एकदा बसले की पिढ्यान्‌पिढ्या. या लोकांचा किल्ला चालता. दिवसभर फौज चालायची आणि संध्याकाळी, पाय दुखत असताना, आधी खंदक खणायची. खंदकातली माती आतल्या बाजूला टाकली की तिचाच तट. तटावर रोवायचे लाकडी खुंटे प्रत्येक शिपायानं स्वतःच्या खांद्यावरून आणलेले. आत रस्ते रोज तेच, तंबूंची जागा रोज तीच, म्हणजे परक्या मुलखात अंधार पडला तरी प्रत्येकाला आपलं अंथरूण कुठे ते ठाऊक. विनीताला ते आवडलं आणि आवडलं म्हणून राग आला. हे वाचायला आपण परातीच्या दोन बाजूंना बसायला हवं होतं, तू आणि मी.

एक गोष्ट तर तिच्या काळजातच रुतली. ज्या तुकडीनं हाय खाल्ली, तिला शिक्षा म्हणून गव्हाऐवजी जव द्यायचे आणि तिचे तंबू तटाच्या बाहेर ठोकायला लावायचे. गाडी तोआ पायोह स्टेशनला थांबली, दारं उघडली, मिटली, आणि विनीता खिडकीतल्या स्वतःच्या चेहऱ्याला म्हणाली, "बघ. तू जवावर."

प्रदर्शन तोआ पायोहलाच होतं, भाड्यानं घेतलेल्या एका हॉलमध्ये. रविवारची दुपार. आकाशकंदील वातानुकूलित वाऱ्यावर एकाच बाजूला हलत होते. पुठ्ठ्याची चीनची भिंत होती, थर्मोकोलचा राजस्थानी किल्ला होता, आणि कोपऱ्यात, मोठ्या फळीवर, ती.

विनीतानं लांबूनच ओळखलं, तट अनघाचा. असा सरळसोट तट दुसऱ्या कुणाच्या हातून उठत नाही. बाहेर खंदक, तटावर टूथपिकचे खुंटे, आत पिठाच्या डब्यांसारखी नीटस तंबूंची रांग. एका बाजूला पेरलेला गहू बोटभर वर आला होता, कोवळा, पोपटी. आणि प्रत्येक तंबूपुढे नखाएवढं जातं. वरची तळी, खालची तळी, मध्ये काडीचा खुंटा. विनीतानं बोटानं एक हलवून पाहिलं. ते फिरलं.

"मी केली ती," चैत्राली म्हणाली. तिच्या नखांचं पॉलिश पार गेलं होतं. "अनघाताई म्हणाल्या, जात्यावाचून त्यांचं पानही हलायचं नाही."

"हो का," विनीता म्हणाली. "पोट तुमचं वाटतं यंदा."

अनघानं ते ऐकलं. तिच्या हातातलं ओलं फडकं नुसतं दुसऱ्या हातात गेलं.

निशिकांतकाकांनी माइक विनीताच्या हाती दिला. "आता आपल्या परीक्षक प्रश्न विचारतील. जपून उत्तरं द्या हो, ही बाई सिंहगडाची सासू आहे!"

लोक हसले, जवळ आले. विनीतानं घसा साफ केला. "माझे तीन प्रश्न. जागा, रसद आणि माघार. आधी जागा. इथेच का तळ टाकला?"

"किंचित उतार आहे, म्हणजे पाणी साचत नाही," चैत्रालीनं बोट फिरवलं. "ओढा जवळ. शेजारी उंच टेकडी नाही, म्हणजे वरून कुणी डोकावणार नाही. आणि झाडी लांब, लपून यायला आडोसा नको."

"तंबू तटाला लागून का नाहीत? एवढी जागा फुकट घालवलीत."

"बाहेरून भाले आले तर तंबूपर्यंत पोचू नयेत म्हणून."

बरोबर. विनीतालाही ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच जास्त झोंबलं. "रसद. अंबारखानं दिसत नाही ते?"

"चालत्या फौजेला अंबारखानं कुठलं, ताई? धान्य पाठीवर आणि खेचरावर. आठ जणांना एक तंबू, एक खेचर, एक जातं. तळ पडला की दळायचं, भाजायचं, खायचं."

"शिपाई दळायचे?" गर्दीतून एक बाई ओरडली. "आमच्या घरच्या शिपायाला इकडे आणा जरा!"

पुन्हा हशा. विनीता हसली नाही. उरला होता एक प्रश्न आणि तो तिनं राखून ठेवला होता, कारण त्याचं उत्तर फळीवर नव्हतं. तिनं सगळीकडून पाहिलं होतं. कुठेही भुयार नाही, झुडपाआडची फट नाही.

"माघार," ती म्हणाली. "चोरदिंडी कुठाय?"

चैत्रालीनं अनघाकडे पाहिलं. अनघा पुढे आली.

"नाही," ती म्हणाली.

"नाही? मग वेळ आली तर बाहेर पडायचं कुठून?"

"मागच्या दारानं. ते बघ. रुंद ठेवलंय. चोरून जायचं नसतं त्यांना. कर्णा वाजला की तंबू उतरवायचे, दुसऱ्यांदा वाजला की सामान लादायचं आणि तळ आपणच जाळायचा, मागून येणाऱ्याच्या हाती लागू नये म्हणून. तिसऱ्यांदा वाजला की निघायचं. रांगेत. सामान मधोमध."

विनीता मागच्या दाराशी वाकली. दारावर कागदाचं चिमुकलं निशाण होतं, अनघाच्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'माघारीण दरवाजा'. आणि विनीताच्या आतली पुण्याची शाळा, पट्टी घेऊन, ताडकन उभी राहिली. सापडली! अखेर चूक सापडली.

"मार्क कापावे लागतील," ती माइकमध्ये म्हणाली. "छावणी करायची तर निदान मराठी नीट लिहा. 'माघारीण' असा शब्द नाही. माघार. माघार दरवाजा."

दोन-चार जण हसले. निशिकांतकाका म्हणाले, "वा! आमची परीक्षक कुणाला सोडत नाही."

अनघा हसली नाही. तिनं फडकं फळीच्या कडेवर ठेवलं. "आहे शब्द," ती हळूच म्हणाली. "तुमच्या पुण्यात नसेल. आमच्या बुलढाण्याकडे आहे. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी परत आणलं, की तिला माघारीण म्हणतात. आत्या आली की आजोबा अंगणातूनच ओरडायचे, पाणी तापवा, माघारीण आली."

"पण मग दाराला ते नाव..." विनीता म्हणाली आणि थांबली.

आता तिला दिसलं. मागच्या दाराजवळचे तंबू अर्धे उतरलेले होते. खेचरं लादलेली होती. तिला वाटलं होतं, काम अपुरं राहिलं. बाहेर शिपायांची रांग निघाली होती आणि रांगेच्या मधोमध, सामानाच्या गाड्यांमध्ये, शिरस्त्राणांच्या गर्दीत, अंबाडा घातलेली एक मातीची बाई होती. अंबाडा अनघा घालते तसा, जरा डावीकडे कललेला.

विनीतानं माइक खाली केला. "अनघा?"

"शिरीषचा इथला नोकरीचा पास नाही वाढला," अनघा म्हणाली, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्यानं. "त्यांचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. माझा पास त्याच्याच पासाला बांधलेला. दिवाळी झाली की निघतोय. आता परत यायचं नाही."

माणसाला वाईट वाटायला थोडा वेळ लागतो. जळायला लागत नाही. विनीताच्या मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. तिनं चैत्रालीकडे पाहिलं. चैत्रालीनं नजर खाली घातली. म्हणजे हिला माहीत होतं. हिला आधीपासून माहीत होतं.

निशिकांतकाकांनी माइक काढून घेऊन बक्षिसांचं सुरू केलं. पहिला नंबर चीनच्या भिंतीला गेला. टाळ्यांच्या आडोशानं विनीता अनघाला खिडकीपाशी घेऊन गेली.

"तिला सांगितलंस. मला नाही."

"तिला सांगणं सोपं होतं गं."

"का?"

"ती रडणार नव्हती म्हणून! तिची माझी ओळख किती? तुझ्यासमोर परात घेऊन बसले असते ना, तर पहिल्या ओळीलाच फुटले असते."

"मग फुटायचं! फुटायला मी नव्हते का? मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. ती जाती करते, ती ओव्या म्हणते. मला तटाबाहेर टाकलंस. जवावर ठेवलंस."

"कशावर?"

"शिक्षा झालेल्या शिपायांना गव्हाऐवजी जव देतात. तंबू बाहेर."

अनघा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं. "तू हे सगळं वाचलंस?"

"तुझी चूक काढायला."

"सापडली?"

"एक. तीही माझीच निघाली." विनीतानं नाक पुसलं. "मार्क परत देणार नाही हं मी."

"आता का?"

"चोरदिंडी नाही. निघायची वाट इतकी उघडी ठेवतात का? आधी कुणाच्या तरी कानात सांगायची असते ती. तेवढी चोरवाट ठेवायचीस माझ्यासाठी."

 अनघानं विनीताच्या मनगटाला धरलं आणि दोघी तशाच, बक्षिसांची नावं संपेपर्यंत, खिडकीतून खालच्या बसस्टॉपकडे बघत राहिल्या.

हॉल संध्याकाळच्या आत रिकामा करायचा होता. एकेक किल्ला पोत्यात जाऊ लागला. चैत्राली फळीपाशी एकटीच उभी होती, कुठून मोडावं ते न सुचून.

"कायद्यानं जाळायला हवा तळ," विनीता म्हणाली.

"नको हो!" निशिकांतकाका लांबून ओरडले. "इथे छताला फायर अलार्म आहे!"

मग तिघींनी हातांनीच मोडायला घेतलं. तट आधी खंदकात गेला, आला तिथेच. गव्हाची रोपं विनीतानं मुळासकट एका डब्यात काढून घेतली. जातीही तीच वेचू लागली, आणि वेचता वेचता, जणू कालच्या बोलण्याचा धागा पुढे ओढावा तशी, म्हणाली, "पॅकिंगचं काय? कंटेनर सांगितलास?"

"अजून नाही. कसलाच पत्ता नाही."

"काय ठेवायचं, काय विकायचं, काय सोबत न्यायचं?"

"विनू, मला खरंच..."

"राहू दे. मी बघते. लोणच्याच्या बरण्या कंटेनरमध्ये घालू नकोस, मुंबईच्या गोदीत उन्हात उभ्या राहतात. शेवटच्या आठवड्यात तुमचं जेवण माझ्याकडे, म्हणजे भांडी आधीच बांधता येतील. पोट माझं."

हे म्हणताना तिनं चैत्रालीकडे पाहिलं. मुद्दामच पाहिलं.

चैत्रालीनं हातातली माती परातीत टाकली. "ताई, मी पण येऊ का मदतीला?"

विनीता थांबली. नको, हे उत्तर जिभेवर तयार होतं, गोड लावून, शालीत गुंडाळून. शेवटचे थोडेच दिवस उरलेत आणि त्यांतही वाटेकरी! अनघा मान खाली घालून टूथपिकं गोळा करत होती, पण तिची बोटं थांबली होती.

"भाड्याचं घर आहे," विनीता शेवटी म्हणाली. "भिंतींवर हिनं खिळे ठोकून ठोकून चाळण केलीय. ती सगळी भोकं बुजवून, भिंती पहिल्यासारख्या करून घरमालकाला द्यायच्या असतात. तुला मातीचं, भोकांत भरायच्या लांबीचं कळतं." तिनं गव्हाचा डबा बाजूला ठेवला. "तट तुझा."

चैत्रालीला त्या दोन शब्दांचं वजन कळलं की नाही कोण जाणे. अनघाला कळलं. तिनं रांगेतली अंबाड्याची बाई उचलली, लादलेल्या खेचराशेजारी तळहातावर ठेवली आणि त्या जुन्या, परातीपाशी बसल्यासारख्या आवाजात ओळ टाकली,

माघारीण निघाली गं, ओझं चढलं खेचराला

चैत्रालीनं तोंड उघडलं. उघडलं आणि मिटलं. ओळ हवेत राहिली. पण ओळ खाली पडू द्यायची नसते, विनीतानं ती झेलली.

पुढं कुणीही चालू दे, मी गं शेवटी पहाऱ्याला.

"किती छान जमलं, ताई!" चैत्राली म्हणाली.

"तुझं ते चौकोनी-कोणी पण बरं होतं," विनीता पोत्याचं तोंड बांधत म्हणाली.

"खरंच?"

"बरं म्हटलं. चांगलं नाही म्हटलं."